गाव भिंतीवर, गावकरी दाराबाहेर

चारकोपच्या सेक्टरांमध्ये हल्ली ज्याच्या त्याच्या हॉलमध्ये खेडं उभं राहतंय. छताला तपकिरी रंग दिलेल्या पोकळ तुळया, एका भिंतीला विटांचं चित्र असलेला वॉलपेपर, कोपऱ्यात एलईडी घातलेला कंदील, टीव्हीखाली मुद्दाम रंग खरवडलेलं कपाट आणि मधोमध काच ठेवलेलं जातं. इंटिरिअरवाले याला कधी ‘फार्महाऊस थीम’ म्हणतात, कधी ‘विंटेज’, कधी ‘वाडा लूक’. मी याला ढोंग म्हणते. नुसत्या नटवेपणाबद्दल माझी तक्रार नाही. हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे. पण या हौसेपायी खऱ्या वस्तू मरतात, खरी घरं उकलली जातात आणि खरी माणसं दाराबाहेर राहतात. म्हणून गप्प बसवत नाही.

आपली वसाहत कशी उभी राहिली ते आधी आठवा. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबईचा नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि म्हाडाने चारकोप, गोराईसारख्या ठिकाणी आखलेले भूखंड वाटले. बांधलेलं घर नाही मिळालं. जोतं, संडास-न्हाणीची सोय, पाणी, गटार आणि रस्ता एवढंच. लहानातला लहान प्लॉट २५ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम पावणेतीनशे चौरस फूट. बाकीचं ज्याने त्याने ऐपत येईल तसं उभारलं: आधी पत्रे, मग स्लॅब, मग लेकाच्या लग्नाआधी वरचा मजला. तीसपस्तीस घरांची एकेक सोसायटी आणि मधे सामायिक चौक. या योजनेला बरीच वर्षं अपयशी म्हटलं गेलं. पुढे बँकेच्याच अभ्यासकांनी दोन दशकांनंतर येऊन पाहिलं आणि ती यशस्वी झाल्याचं २०१८ मध्ये लिहिलं. माझ्या मते यशाचं कारण एकच: घर कसं असावं हे इथे राहणाऱ्याच्या गरजेने ठरवलं, कॅटलॉगने नाही.

त्या चौकात कुरडया वाळल्या, लग्नांचे मांडव पडले, गणपती बसले, रात्री बाजा टाकून माणसं झोपली. गावाकडची पडवी मुंबईत पुन्हा कुठे उभी राहिली असेल तर ती या चौकात. आज बहुतेक चौकांत मोटारी उभ्या आहेत, पुनर्विकासाच्या बैठकीत त्या चौकाचा हिशेब फक्त एफएसआयमध्ये होतो, आणि त्याच सोसायटीतला माणूस वर जाऊन हॉलच्या भिंतीवर अंगणाचा फोटो छापून घेतो. खरं अंगण जाताना ज्यांनी एक शब्द काढला नाही, त्यांना गावाच्या आठवणीने गलबलून येतं यावर माझा विश्वास नाही.

ही सजावट आली कुठून? अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये वेको नावाचं शहर आहे. तिथल्या चिप आणि जोआना गेन्स या जोडप्याचा जुनी घरं दुरुस्त करण्याचा ‘फिक्सर अप्पर’ हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि पांढऱ्या फळ्यांच्या भिंती, गोठ्यासारखी सरकती दारं जगभर पोचली. त्याआधी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात रेचल अ‍ॅशवेलने ‘शॅबी शिक’ नावाचं दुकान काढून विटलेल्या फर्निचरला प्रतिष्ठा दिली होती. यातलं बरंचसं थंड मुलखातल्या घरांना साजेसं आहे. तिथे शेकोटीपुढे बसायचं असतं, म्हणून जाड गालिचा, लोकरी पांघरूण, भारी पडदे. चारकोपच्या पाठीशी मनोरीची खाडी आहे, खारफुटी आहे. जून ते सप्टेंबर इथे पापड मऊ पडतो आणि कपाटातल्या चपलेवर बुरशी चढते. अशा हवेत लोक ज्यूटचे गालिचे अंथरतात आणि खिडकीला मखमल लावून आत एसी चालवतात. गालिचा उचलला की खाली काळे डाग, लोखंडी स्टँडला गंज, जुन्या लाकडाला वाळवी. हे निस्तरते कोण? घरकामाला येणारी बाई. चार घरं आटपून आलेली ती बाई त्या शोभेच्या घंगाळाला चिंच लावून बसते, आणि त्या घंगाळात कोणी थेंबभर पाणी घेत नाही.

जुनं दिसण्यासाठी नव्या वस्तूंचं काय केलं जातं ते एकदा उभं राहून पाहा. मी पाहिलं आहे. मिस्त्रीने नवीकोरी फळी रंधली, खाचे बसवले, छान चौकोनी टेबल केलं. मग त्यावर गडद रंगाचा हात दिला, वर पांढरा रंग, आणि तो वाळल्यावर कडा पॉलिशपेपरने घासून खालचा रंग उघडा पाडला. मग सायकलची साखळी घेऊन टेबलाला मारलं. खड्डे पडले की त्यात काळपट मेण भरलं. काम चालू असताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “पहले बनाने का पैसा, फिर बिगाड़ने का पैसा.” त्याच्या आवाजात अपमान होता. हातातलं कसब वापरून स्वतःचंच काम खराब करायला लावलेल्या कारागिराचा तो अपमान होता. टेबलाला झीज येते ती त्यावर तीस वर्षं कणीक मळून, मुलांनी कंपासाने नावं कोरून. ती साखळीने चार मिनिटांत मारून आणणं ही फसवणूक आहे, आणि ती आपण पैसे मोजून स्वतःचीच करतो.

काहीजण ऐटीत सांगतात, आमचं नकली नाही, अस्सल आहे. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून, चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरून आणलंय. मग अस्सल कुठून आलं तेही ऐका. पुणे, वाई, नाशिकचे वाडे पडतात, कोकणातली घरं भाऊबंदकीत कुलपाआड कुजतात. एक दिवस टेम्पो येतो. चौकट, खांब, कडीपाट, गणेशपट्टी सुटी करून नेतात. गावातल्या वारसाला लाकडाचा भाव मिळतो, दुकानदार इतिहासाचा भाव लावतो. दार कुठल्या गावचं, कोणत्या घराचं, कोणत्या सुताराने घडवलं, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घेणाऱ्याला नको असतं. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दारं, भांडी जमवली आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभं केलं. त्यांनी वस्तू स्वतःच्या दिवाणखान्यात अडवल्या नाहीत, लोकांना दिल्या. तिथे अडकित्त्यापुढे उभं राहिलं की तो घडवणाऱ्या हाताबद्दल आदर वाटतो. इथे सोफ्यामागे आडवं टांगलेलं दार पाहून मला घर फोडल्यासारखं वाटतं.

आता जात्याबद्दल. माझ्या नात्यातल्या एका घरी ते टीपॉय म्हणून आलं. कुडाळकडच्या काकी दवाखान्याच्या कामासाठी त्यांच्याकडे उतरल्या होत्या. चहाचा कप काचेवर ठेवायच्या आधी त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, “ह्येचो खुंटो खंय गेलो गो?” कोणालाच सांगता येईना. दुकानदाराने काच सपाट बसावी म्हणून खुंटा काढून टाकला होता. काकींनी काचेच्या कडेखालून बोट घालून पाळीवरून फिरवलं. टाकी लावलेली शेवटची खूणही झिजून गुळगुळीत झाली होती. म्हणजे ते जातं अखेरच्या दिवसापर्यंत कोणीतरी ओढलं होतं. पहाटे उठून, पायलीभर धान्य, दोन हात एका खुंट्यावर. त्या श्रमातून ओव्या आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या अनेक ओव्या ग्रामीण भारताचं दस्तऐवजीकरण करणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता, ऐकता येतात. त्यात सासुरवास आहे, भावाची वाट आहे, विठ्ठलाशी भांडण आहे. बायकांनी आयुष्याचं दुःख ज्या दगडावर दळलं, त्याचा खुंटा उपटून त्यावर टीव्हीचा रिमोट ठेवायचा, आणि वर म्हणायचं, आम्ही आमच्या मुळांशी जोडलेले आहोत!

वारलीचंही तेच. तांदळाच्या पिठाची ती पांढरी रेघ लग्नघरात सवाशिणी काढतात. चौकात पालघट देवी असते, तिच्यावाचून लग्न लागत नाही. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आपल्याकडे ती स्टिकरच्या गुंडाळीत मिळते, मीटरवर. चारकोपहून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत, पलीकडे आरेत आहेत. आरेतल्या प्रजापूरपाड्याची घरं मेट्रोच्या कामात गेली. ज्यांच्या भिंतीवरची ही कला, त्यांच्या भिंती पाडल्या गेल्या तेव्हा या स्टिकरवाल्या हॉलमधून कोणी बाहेर आलं नाही.

लोक मला म्हणतात, आमचा पैसा, आमचं घर, तुम्हाला काय त्याचं? मला त्याचं इतकंच, की त्या रात्री काकींना झोपायला जागा नव्हती. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये टीपॉय हलवता येत नव्हता, कारण जातं जड. बंगई फक्त फोटोपुरती. गालिच्यावर वाकळ टाकायला गेल्या तर त्या घरची सून म्हणाली, “काकी, तिथे नको, त्याला डाग पडतात.” सत्तरीच्या पुढची बाई स्वयंपाकघराच्या वाटेत फ्रिजला पाय लावून झोपली. गावाकडचं घर उबदार होतं ते कडीपाटामुळे नव्हे. रात्री नऊ वाजता चार माणसं न सांगता आली तरी ओटीवर चटया पडत, पिठलं टाकलं जाई. चारकोपच्या याच प्लॉटांवर, पत्र्याच्या घरांत, गावाहून परीक्षेला, नोकरीला, इस्पितळात आलेली माणसं महिनोन्महिने राहिली आहेत. तेव्हा हॉलला कसली थीम नव्हती. एक लोखंडी पलंग, भिंतीला टेकवलेल्या गाद्या आणि घडीची खुर्ची होती. दिवसा तिथे शिकवणी चाले, रात्री सात जण झोपत.

घर सुंदर असू नये असं मी म्हणत नाही. आजीचं घंगाळ असेल तर त्यात पाणी भरा. पितळेची पातेली पोत्यात बांधून मोडीत घालायच्या आधी कल्हईवाला शोधा, त्यांत आमटी करा. बंगई टांगली असेल तर तिच्यावर म्हाताऱ्यांना बसू द्या. मिस्त्रीला चांगलं, मजबूत, साधं टेबल करायला सांगा आणि त्याला ते बिघडवायला लावू नका. गावचं घर वारसांच्या भांडणात पडायला आलं असेल तर त्याची दोन कौलं शोकेसमध्ये आणण्यापेक्षा भावाला फोन करून छप्पर शाकारायचा खर्च वाटून घ्या. सोसायटीच्या पुढच्या सभेला जा आणि पुनर्विकासाच्या नकाशात चौक कुठे आहे ते विचारा. बिल्डरचा माणूस पार्किंगकडे बोट दाखवेल, तेव्हा खाली बसू नका. आणि या मे महिन्यात गावाहून कोणी यायचं असेल, तर आजच हॉलमधलं एवढं सामान बाहेर काढा की दोन अंथरुणं पडतील.