हजेरीपट आणि मूठभर धान्य

तरुणांना सेवेची ओढ उरली नाही, ही तक्रार आपल्या धर्मग्रामांत वारंवार ऐकू येते. ती आम्हांस मान्य नाही. ओढ आहे, परंतु सेवेचे जे दार आपण उघडे ठेवले आहे, ते एकाच मापाचे आहे. दर रविवारी मिस्सानंतर बैठक, वर्षभराचे पद आणि लागोपाठ गैरहजर राहिल्यास नाव कमी! बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा, स्पर्धा परीक्षेसाठी नागपुरात खोली घेऊन राहिलेली मुलगी, कापूस वेचणीच्या दिवसांत घरच्या शेतावर राबणारी भावंडे या मापात बसत नाहीत. मग त्यांना 'उदासीन' ठरवून आपण मोकळे होतो.

वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्यांना तरी हा कोतेपणा शोभत नाही. पवनारच्या विनोबांनी १९५१ साली भूदानाची हाक दिली, तेव्हा देण्याचा मान केवळ जमीनदारांपुरता राखून ठेवला नाही. पुढे संपत्तिदान व श्रमदान आले. १९५४ साली बोधगयेस जयप्रकाश नारायणांनी जीवनदान केले. आणि सर्वोदय-पात्रातून घरातील लहानग्याच्या मूठभर धान्यालाही चळवळीत स्थान मिळाले. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमटे यांनी सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीसाठी तरुणांकडे उन्हाळ्यातील मोजके दिवसच मागितले. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेनेही विद्यार्थ्याकडून दोन वर्षांत २४० तासांची अपेक्षा ठेवली. तास मोजले, रविवार नव्हे.

'सवलत दिली की शिस्त गेली,' असा आक्षेप ज्येष्ठ मंडळी घेतात. त्यांनी सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहावे. तेथील विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भार थोडा का असतो? तरीही प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, शिबिर भरवते, विद्यार्थ्यांकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि नंतरही ते त्या कुटुंबांकडे जात राहतात. वेळ मर्यादित, पण जबाबदारी निश्चित. शिस्त म्हणतात ती हीच.

तेव्हा आमचे मागणे स्पष्ट आहे. धर्मग्राम परिषदेने पदांची नव्हे, कामांची यादी लावावी. दहावीच्या मुलांना चार शनिवार गणित शिकवणे. एकट्या वृद्धाला महिन्यातून एकदा दवाखान्यात नेणे. पुण्याला गेलेल्या तरुणाने दूरध्वनीवरून एखाद्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे. प्रत्येक कामापुढे त्याचा अवधी आणि विचारपूस करणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीचे नाव असावे. घेतलेले काम जमणार नसेल, तर आधी कळवण्याचे बंधन असावे. एका बाबतीत मात्र ढिलाई नको: लहान मुलांसोबत कोणीही, मग तो एक दिवसाचा स्वयंसेवक असो वा जुना पदाधिकारी, एकटा नसावा.

द्राक्षमळ्याचा धनी अकराव्या तासालाही बाजारात गेला आणि रिकामे उभ्या असलेल्यांना त्याने कारण विचारले. आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते म्हणाले. त्यांना आळशी न ठरवता धन्याने मळ्यात धाडले. आपल्या तरुणांनी उद्या हेच उत्तर दिले, तर हजेरीपट पुढे करून आपली सुटका होणार नाही. परिषदेच्या पुढील सभेत या यादीचा विषय घ्यावा, आणि त्या सभेची वेळही पाळीवरून सुटलेल्यांना येता येईल अशीच ठेवावी.