आरोग्य-विचार : अंक एक, अर्थ दोन

साठी-सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला जिना चढताना धाप लागू लागली, की ‘आता वय झाले’ असे म्हणून घरात विषय मिटवला जातो. काही वेळा मात्र त्यामागे हृदयाच्या महाधमनीची झडप अरुंद झालेली असते. झडपेच्या पाकळ्यांवर वर्षानुवर्षे कॅल्शियम साचते, त्या ताठर होतात आणि पुरेशा उघडत नाहीत.

प्रथम टूडी इको केला जातो. झडपेचे उघडे क्षेत्र १ चौरस सेंटिमीटरहून कमी आणि सरासरी दाबफरक ४० मिलिमीटर पारा किंवा अधिक असल्यास आजार तीव्र मानतात. परंतु हृदयातून रक्तच कमी ढकलले जात असेल, तर क्षेत्र तीव्र आजार सांगते आणि दाबफरक तसे सांगत नाही. रोजमेळ व खतावणी यांचा मेळ बसू नये, तशी ही स्थिती. अशा वेळी सीटी स्कॅनची साक्ष उपयोगी पडते.

या स्कॅनसाठी शिरेतून औषध सोडावे लागत नाही. क्षणभर श्वास रोखायचा. काम काही मिनिटांचे. डॉ. आर्थर अगॅटस्टन व सहकाऱ्यांनी १९९० साली हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी मांडलेल्या पद्धतीने झडपेवरील कॅल्शियमचा अंक काढला जातो.

हा अंक स्त्री-पुरुषांसाठी निरनिराळा वाचावा लागतो. पुरुषांत २००० आणि स्त्रियांत १२०० यांच्या पुढे तीव्र आजार संभवतो. अनुक्रमे १६०० व ८०० यांच्या खाली संभव कमी. स्त्रियांच्या झडपेत तंतुमय ऊती अधिक वाढत असल्याने कमी कॅल्शियमनेही ती आखडते. म्हणून १४०० हा अंक आजोबांना दिलासा देईल. आजींच्या बाबतीत तोच गंभीर ठरतो. रक्तवाहिन्यांचा कॅल्शियम अंक निराळा. दोहोंची गल्लत करू नये.

दूध-दही सोडल्याने हा थर विरघळत नाही आणि तो थांबवणारे सिद्ध औषधही अद्याप नाही. तीव्र आजारावर उपाय म्हणजे झडप बदलणे : शस्त्रक्रियेने, किंवा मांडीतील धमनीतून नळीद्वारे. निर्णय केवळ अंकावर होत नाही. धाप, छातीत दुखणे, भोवळ आणि हृदयाची ताकद यांचाही विचार होतो. तेव्हा घरातील ज्येष्ठांची, विशेषतः आईची व आजीची, धाप वयाच्या खाती टाकण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.