जागा देणारा नट

नट दिग्दर्शक झाला की माझ्या पोटात गोळा येतो. काय होणार ते पोस्टरवरच कळतं. वर नाव त्याचं, खाली नाव त्याचं, मधे चेहराही त्याचाच. बाकीची मंडळी त्याच्या खांद्यामागं, पासपोर्टच्या फोटोएवढी. आत जाऊन बसलं की दर चार मिनिटांनी तो मान वळवून आपल्याकडं बघतो आणि कुठून तरी वारा सुटतो.

मी एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. राहायला विट्याकडं. मिरज, आटपाडी, वडूज हे माझे रस्ते. सिनेमातलं मला साध्या प्रेक्षकाएवढंच कळतं. पण या तीन रस्त्यांवरच्या तीन माणसांनी एकत्र येऊन जे केलं, ते बघितल्यापासून नटानं दिग्दर्शन कसं करावं याबद्दल माझं मत पक्कं झालंय.

राजाभाऊ परांजपे मिरजेचे. जन्म २४ एप्रिल १९१०. ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातले. शेटफळ्याला जन्मले, माडगुळ्याचे म्हणून ओळखले गेले. आणि राजा गोसावी खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे. १९५२ साली हे तिघं 'लाखाची गोष्ट'मध्ये एकत्र आले. दिग्दर्शन राजाभाऊंचं, लेखणी माडगूळकरांची, संगीत कोल्हापूरच्या सुधीर फडक्यांचं. श्रीमंत बाप पोरीसाठी अट घालतो, महिन्यात लाख रुपये उडवून दाखवा. खिशात दमडी नसलेले दोन मित्र कामाला लागतात आणि पैसा काही केल्या संपत नाही. आमच्या माणदेशात, जिथं पाऊसही मोजून पडतो, तिथल्या माणसानं ही गोष्ट लिहावी याचं मला अजून हसू येतं.

राजाभाऊ तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. भालजी पेंढारकरांच्या हाताखाली शिकलेले, पडद्यावर मुरलेले. 'जिवाचा सखा' दिग्दर्शित करून चार वर्षं झाली होती. १९५०च्या 'पुढचं पाऊल'मध्ये त्यांनी पु. ल. देशपांडे आणि हंसा वाडकरांना पुढं केलं होतं. 'लाखाची गोष्ट'मध्ये दोन मित्रांपैकी एक त्यांनी स्वतःकडं ठेवला, हे खरं. तेवढा मोह कुणाला सुटलाय? पण दुसरा मित्र कुणाला दिला ते बघा. राजा गोसावी मास्टर विनायकांच्या कंपनीत पडेल ते काम करत वाढलेले, आणि पुण्याच्या भानुविलास टॉकीजच्या खिडकीत तिकिटं विकणारे. सिनेमा लागला तोही भानुविलासलाच. खिडकीत तिकीट देणारा आणि आत पडद्यावर धमाल करणारा माणूस एकच, हे बघायला लोक गर्दी करायचे म्हणतात. जन्मभर तिकिटं फाडलेल्या माणसाला ही गोष्ट किती गोड लागते ते मी काय सांगू! चित्रा आणि रेखा या दोघी बहिणीही त्याच सिनेमातून पुढं आल्या. एका सिनेमात तीन नवे चेहरे, आणि दिग्दर्शक स्वतः नट.

आता आटपाडीकडंच दुसरं उदाहरण आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या काळात तिथं कैद्यांना भिंती-कुलपांशिवाय ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यावरून माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, बर्लिनलाही गौरव झाला. सिनेमा मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जेलरची भूमिका शांतारामबापूंनी स्वतःच केली. त्या सहा कैद्यांचं काम करणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव सांगा, असं मी आटपाडीच्या स्टँडवर कैकांना विचारलंय. जेलर सगळ्यांना आठवतो. बारा हातांपैकी एकही हात कुणाला ओळखता येत नाही.

राजाभाऊंनी स्वतःसाठी काय ठेवलं, तर म्हातारे, फाटके, दारुडे. 'ऊन पाऊस' १९५४चा. त्यात ते म्हातारे मास्तर झाले, वय होतं चव्वेचाळीस. मुलं आईबापाची वाटणी करतात, एक इकडं, एक तिकडं. सुमती गुप्ते त्यांची बायको. या वयाचा नट हातात दिग्दर्शन आल्यावर केस काळे करून झाडामागं गाणं म्हणतो. यांनी पांढरे केले. पुढं अशा गोष्टीवर हिंदीत कितीतरी रडं झालं, पण मास्तरांच्या गप्प बसण्याची सर कुणाला आली नाही.

'जगाच्या पाठीवर' मी यात्रेतल्या तंबूत बघितला, सिनेमा येऊन बरीच वर्षं झाल्यावर. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, खाली जमीन, आणि रीळ बदलेपर्यंत शिट्ट्या. पडद्यावर भटक्या राजाभाऊ आणि आंधळी सीमा. चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'ची सावली त्यावर आहे, जाणकार सांगतात आणि मलाही ते पटतं. पण तंबूतल्या कुणाला चॅप्लिन माहीत नव्हता. शेजारी बसलेले पैलवान उपरण्यानं डोळे पुसत होते. सीमाबाई पडद्यावर आल्या की राजाभाऊ बाजूला सरकून उभे राहतात. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर टीव्हीवर पाहताना ध्यानात आलं.

'हा माझा मार्ग एकला'मध्ये तर त्यांनी सगळं एका लहान पोराच्या हवाली केलं. तो पोरगा सचिन पिळगावकर. राष्ट्रपतींच्या हस्ते बक्षीस मिळालं ते त्या पोराला. पुढं सचिनही नटाचा दिग्दर्शक झाला. १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'त तो स्वतः आहेच, पण हशा कुणाला मिळतो? अशोक सराफला आणि लक्ष्या बेर्डेला. ही शिकवण राजाभाऊंच्या सेटवरची, असं मी खुशाल समजतो.

'पाठलाग' १९६४चा. त्यात भावना आणि काशीनाथ घाणेकर. राज खोसलांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' केला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरचे राजाभाऊंचे काही सिनेमे मला तितके भावले नाहीत. पूर्वीची ऊब कमी वाटते. १९७९च्या फेब्रुवारीत ते गेले.

आमच्या भागाशी नातं जोडणारे दोन नट-दिग्दर्शक आणखी आहेत. डॉ. श्रीराम लागू जन्मानं सातारचे. त्यांनी 'झाकोळ' दिग्दर्शित केला, एवढं सांगून थांबतो. दुसरे अमोल पालेकर. ते आमच्याकडचे नव्हेत, पण व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९९५ साली पडद्यावर त्यांनीच आणली, आणि मास्तर केलं चंद्रकांत कुलकर्णींना. स्वतः मास्तर व्हायचा मोह त्यांनी टाळला, म्हणून मेंढरं, धनगर, कोरडं शिवार हे सगळं त्या सिनेमात मावलं.

कुणी म्हणेल, आज धंदा बदललाय, चेहऱ्यावर पैसा मिळतो, निर्माता नव्या पोराला घेऊ देत नाही. असेल. पण १९५२ साली तिकीट खिडकीवरच्या पोराला नायक करणं काय सोपं होतं? तेव्हाही पैसे कुणाचे तरी होतेच.

सातारा-सांगलीत आता सिनेमा येतो तो वाईचा घाट आणि मेणवलीचा वाडा बघून. शूटिंग झालं की गाड्या परत. आपल्या मातीतल्या नटांनी काय केलं, ते मात्र आपल्याच पोरांना दिसत नाही. मिरजेत बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृह आहे, ते असायलाच हवं. येत्या २४ एप्रिलला महापालिकेनं तिथं 'ऊन पाऊस' लावावा, तिकीट ठेवलं तरी चालेल. वडूजच्या मंडळींनी त्याच आठवड्यात राजा गोसावींसाठी 'लाखाची गोष्ट' लावावा. आणि पहिला सिनेमा काढायला निघालेल्या नटांना तेवढं पहिल्या रांगेत बसवा.