फोन माझ्याबरोबर लोकलला जातो

आचोळ्यातल्या आमच्या इमारतीत मी एकटाच ‘कम्प्युटरवाला’. कुणाचा प्रिंटर बिघडला, कुणाचं आधार लिंक झालं नाही, की दार माझं वाजतं. हल्ली प्रश्न बदललाय. “भाई, पोरगा चार वर्षांचा झाला. त्याला शिकायला चांगली वेबसाइट कुठली?” तिघांनी विचारलं. पहिल्याला मी दहा नावांची यादी पाठवली, दुसऱ्याला पाच नावांची. तिसऱ्याला उलट विचारलं, “दिवसा घरी फोन असतो का?” तो हसला. स्मार्टफोन घरात एकच, आणि तो रोज सकाळी त्याच्याबरोबर अंधेरीला जातो.

आमचंही तेच. मी सातच्या सुमारास नालासोपारा स्टेशन गाठतो, परतेपर्यंत रात्रीचे नऊ. बायकोही नोकरी करते. दुपारी शाळेतून आल्यावर साडेपाच वर्षांची मुलगी असते ती तिच्या दादीजवळ, म्हणजे माझ्या अम्मीजवळ. अम्मीचा फोन बटणांचा. दीड वर्षापूर्वी मी यावर इंजिनिअरी तोडगा काढला. टॅबलेट घेतला, एका ॲपची वर्षभराची वर्गणी भरली आणि निर्धास्त झालो.

ॲप तसं वाईट नव्हतं. मुलगी भराभर शिकली. एका रविवारी अम्मी वांगी चिरत होती, तिने सहज विचारलं, “याचा रंग कुठला गं?” मुलगी म्हणाली, “पर्पल.” अम्मी म्हणाली, “जांभळा.” त्यावर आमच्या लेकीचं उत्तर, “नो दादी, राँग!” आणि ॲपमध्ये चुकल्यावर वाजतो तसा आवाज तिने तोंडाने काढला. आम्ही दोघं हसलो. अम्मी हसली नाही. दापोलीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती सातवीपर्यंत मराठीत शिकलीय. माझी पहिली अक्षरं पाटीवर तिनेच गिरवून घेतली. त्या दिवसापासून ती टॅबलेट लावून द्यायची आणि आत निघून जायची. विचारलं तर म्हणाली, “शिकवणारं आहे की ते. मी मध्ये कशाला?”

एका वर्गणीत मी घरातली शिक्षिका काढून टाकली होती.

मराठी मुसलमानाच्या मुलाभोवती आधीच भाषांची गर्दी असते. घरात कोकणी नाहीतर दखनी, गल्लीत हिंदी, मदरशात अरबी अक्षरं, शाळेत इंग्रजी. त्यात मराठी ‘तुमची नाहीच’ असं बाहेरचे सांगतात, आणि आपल्यातलेही काहीजण मान डोलावतात. लहान मुलाला चार भाषा जड जात नाहीत. फक्त ती भाषा बोलणारं माणूस शेजारी बसलेलं लागतं. म्हणून वेबसाइट निवडताना मी आता पहिल्यांदा हे बघतो की दिवसभर मुलाजवळ जे माणूस असतं, त्याला यातलं काही वाचता येईल का.

या कसोटीवर माझ्या दहाच्या यादीतली बहुतेक नावं गळाली. राहिलं ते प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’. २०१५ पासून ते सुरू आहे आणि मोफत आहे. तीच गोष्ट, त्याच चित्रांसह, अनेकदा मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांत मिळते. वाचनाच्या चार पातळ्या आहेत, पाच वर्षांच्या मुलाला पहिली पुरे. परवाना खुला असल्यामुळे गोष्ट छापून घेणं कायदेशीर आहे. मी आठवड्याला एक गोष्ट उतरवतो आणि झेरॉक्सच्या दुकानात काळीपांढरी छापून आणतो. रंग मुलगी भरते. बालभारतीच्या संकेतस्थळावर मराठी आणि उर्दू माध्यमाची पहिलीची पुस्तकं मोफत आहेत. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही वाचायला मिळतात. ‘किशोर’ खरं तर मोठ्या मुलांचं, पण ती पानं मी अम्मीसाठी छापतो. ती दुपारी वाचते आणि संध्याकाळी आपल्या पद्धतीने, थोडं मीठमसाला लावून, नातीला सांगते.

दुसरी कसोटी माझ्या धंद्यातून आली. आमच्याकडे रोज दोन आकडे बघितले जातात: माणूस आत किती वेळ राहिला, आणि उद्या परत आला का. मुलांच्या ॲपमागेही हेच आकडे असतात. तारे, सलग सात दिवस आल्याचं बक्षीस, एक व्हिडिओ संपताक्षणी आपोआप सुरू होणारा दुसरा. गोष्टीचं पुस्तक संपतं, हे संपत नाही. दहा मिनिटांनी बंद कर म्हटल्यावर मूल आकांत करत असेल, तर तो हट्ट मुलाचा नव्हे, कुणीतरी पगार घेऊन बनवलेला आहे. मी त्यातलाच एक असल्यामुळे सांगतो. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२१ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. (तव्यावर चपाती असताना दहा मिनिटं फोन दिला म्हणून कुणी स्वतःला गुन्हेगार समजू नये. मीही देतो.)

आणि ‘फुकट’ या शब्दाकडे जरा नीट बघा. अरबी अक्षरं शिकवणारं एक मोफत ॲप मी उतरवलं, तर ‘जीम’ आणि ‘हा’च्या मध्ये पत्त्यांच्या खेळाची जाहिरात. नाव दीनी आहे म्हणून ॲप विश्वासाचं, असं धरून चालू नका. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजाच्या वेळा दाखवणारं ॲप लाखो लोक वापरतात. ते वापरणाऱ्यांच्या ठिकाणाची माहिती एका दलाल कंपनीकडे जाते आणि तिथून अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोचते, अशी बातमी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ने दिली. त्यानंतर त्या कंपनीने तो व्यवहार बंद केल्याचं जाहीर केलं. मुलांची माहिती आईबापांच्या संमतीविना गोळा केल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये अमेरिकेत गुगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. कायदा आहे म्हणून ॲप सुधारलं असं मी समजत नाही. चित्रं रंगवायच्या ॲपने ठिकाण, माइक किंवा फोनमधले नंबर मागितले, की मी ते काढून टाकतो.

मग दुपारभर मुलांनी करायचं काय? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडलं, आणि ते ऐंशी वर्षांचं जुनं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसोरीची साधनं महागडी, खेड्यातल्या शाळेला न परवडणारी. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया घेतल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्यावर नेली, ती अंगणवाडी. गुरं राखायला जाणाऱ्यांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर आलं. १९७५ मध्ये सरकारी योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे मोफत शिकता येतं. आपण मात्र तिच्यावरून चालत जाऊन इंग्रजी पाटीच्या नर्सरीत हजारो रुपये भरतो. मीही भरले.

कोसबाडची टेकडी आमच्या वन रूम किचनमध्ये मावत नाही, पण चिंचोके मावतात. डबाभर चिंचोके आणून अम्मीला म्हटलं, “हिला मोजायला शिकव.” पुढचं सगळं तिचं. आधी मोजणं, मग दहाचे ढीग, मग मुठीत लपवून एकी की बेकी. चादरीवर चिंचोके मांडून ‘म’ आणि ‘मीम’ झाले. चवळी आणि राजमा एकत्र करून वेगळे करायला दिले, तर मुलगी अर्धा तास हलली नाही. (तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मात्र बिया देऊ नका. नाकात, घशात जातात.)

आणि वेबसाइट? त्या मी बघतो, लोकलमध्ये. अरविंद गुप्ता आयआयटीचे इंजिनिअर. १९७८ मध्ये टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादच्या खेड्यांत विज्ञान शिकवायला गेले, नंतर पुण्यात आयुकाच्या विज्ञान शोधिकेत काम केलं. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या त्यांच्या छोट्या फिल्म मराठीतही आहेत. बोरिवली येईपर्यंत माझ्या दोन-तीन बघून होतात. रविवारी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब घेऊन आम्ही बसलो. चौकोन केला की तो कलंडायचा. त्रिकोण केला तो हलेना. मुलगी म्हणाली, “हा घट्ट आहे.” हेच मी इंजिनिअरिंगला फी भरून शिकलो होतो. सहा वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकवा, नाहीतर मागे राहतील, अशा जाहिराती २०२० मध्ये फार आल्या होत्या. मी पहिला प्रोग्राम अठराव्या वर्षी लिहिला. काही बिघडलं नाही.

त्या तिसऱ्या शेजाऱ्याला मी छापलेली एक गोष्ट आणि मूठभर चिंचोके दिले. फसवल्यासारखा बघायला लागला. “भाई, वेबसाइट?” आता सकाळच्या गाडीत उभ्या उभ्या दोघं मिळून फिल्म बघतो. वर्गणीचं ॲप मी काढून टाकलं, टॅबलेट कपाटावर आहे. अम्मीची तक्रार एकच, झेरॉक्सवाला अक्षरं फार बारीक काढतो.