'साकु' म्हणता आलं पाहिजे

आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन भाषा सुखाने नांदतात, म्हणून एकाच व्यसनाला दोन नावं आहेत. मराठीत जुगार, कन्नडमध्ये जूजु. दिवाळीच्या पाडव्याला पत्ते कुटणारी वडीलधारी मंडळी मी पाहिली आहेत. पण चहा आला की तो डाव मोडायचा आणि हरलेले दहा रुपये घरातच राहायचे. मोबाइलवरचा डाव मोडतच नाही.

परवा भाच्याने विचारलं, "मावशी, थोडेसे लावून शिकलो तर काय बिघडलं?" मी ओरडले नाही, कागदावर हिशेब मांडला. रुलेटच्या चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ आकडे. प्रत्येकावर १०० रुपये लाव, झाले ३,७००. एक आकडा येणारच. त्याचे एकास पस्तीस दराने ३,५०० मिळतील, लावलेले १०० परत. हाती ३,६००. सगळे आकडे तुझे, तरी १०० गेले! चाक खरं असताना ही गत. ॲपमधलं चाक कोण फिरवतं, ते दिसतही नाही.

शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे; असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. म्हणून कुणी लिंक पाठवली तर 'शिकून बघू' हा विचारच नको.

राहिला गोव्याचा प्रश्न. चोर्ला घाट उतरून मांडवीतल्या परवानाधारक कॅसिनो बोटींवर जाणारी आपली मुलं आहेत. त्यांचं वय २१ पूर्ण हवंच. जायचंच असेल तर सिनेमाच्या तिकिटासारखे 'गेले' असं समजून ठरावीक रोख पैसे न्या. कार्ड आणि मोबाइल खोलीवर ठेवा. परतायची वेळ आधी ठरवा. पिऊन खेळू नका. हरलेले भरून काढायला नवा डाव लावू नका. चाकाला मागचा आकडा आठवत नसतो. आणि उसने पैसे कधीच नकोत. कन्नडमधलं 'साल' म्हणजे कर्ज फेडताना मराठीतली कितीतरी सालं निघून जातात!

घरच्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. मुलगा रात्र-रात्र जागतो, फोन लपवतो, जो तो त्याच्याकडे पैसे मागायला येतो, असं दिसलं तर आधी शेजारी बसून विचारा. रागावलात तर तो आणखी लपवेल. सरकारच्या 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर कळवा.

द्यूतसभेत विदुर 'पुरे' म्हणत होता, ऐकणारं कुणी नव्हतं. आपल्या मुलांना तोच शब्द दोन्ही भाषांत येतो. पुरे म्हणा, नाहीतर साकु म्हणा; पण खिशात पैसे असतानाच म्हणा.