बोनस नव्हे, उचल

सैन्यात भरती होताना तरुणाच्या हाती ठेवल्या जाणाऱ्या एकरकमी पैशाला अमेरिकी लष्कर ‘बोनस’ म्हणते, आणि आपली वृत्तपत्रेही तो शब्द जसाच्या तसा उचलतात. आमचा पहिला आक्षेप या शब्दालाच आहे. मराठी कानाला बोनस म्हटला की दिवाळी आठवते: वर्षभर राबून झाल्यावर पदरात पडणारा वाटा. इथे राबणे सगळे पुढे आहे, पैसा मात्र त्या राबण्याच्या नावाने आधीच कबूल झालेला आहे. अशा पैशाला आपल्या भाषेत शब्द नाही असे नाही. बीडच्या ऊसतोड मजुराला विचारले तर तो क्षणात सांगेल. त्याला उचल म्हणतात.

हा शब्दच्छल नव्हे. आमची एक माजी विद्यार्थिनी गेली वीस वर्षे टेक्सासमध्ये आहे. तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलापुढे सहा वर्षांच्या सेवेचा करार आला आहे आणि सोबत तीस हजार डॉलर. तिने आम्हांला विचारले, ‘एवढ्या पैशासाठी सहा वर्षे बांधून घेणे योग्य का?’ साहित्याच्या मास्तरांना हा प्रश्न विचारण्यात काय हशील, असे कोणी म्हणेल. पण करार हीही एक संहिताच आहे, आणि संहिता वाचणे एवढेच आम्हांला येते.

तेव्हा वाचू या. भरतीचा करार चार वर्षांचा असो वा सहा, अमेरिकेत पहिल्यांदा भरती होणाऱ्याची एकूण बांधिलकी सर्वसाधारणपणे आठ वर्षांची असते. प्रत्यक्ष सेवेनंतर उरलेली वर्षे माणूस राखीव यादीत राहतो आणि त्याला परत बोलावता येते. भरतीच्या कागदावरच असे कलम आहे की कायदे व नियम पूर्वसूचनेवाचून बदलू शकतात, आणि त्या बदलांचा सैनिकाच्या दर्जावर, वेतनावर, भत्त्यांवर परिणाम होऊ शकतो, मग या कागदात काहीही लिहिलेले असो. युद्ध जाहीर झाल्यास सेवेची मुदत युद्ध संपून सहा महिने होईपर्यंत लांबू शकते, हेही तिथेच आहे. म्हणजे रक्कम निश्चित, मुदत लवचीक. आणि ती लवचिकता एकाच पक्षाच्या हाती. हे केवळ कागदावर राहिलेले नाही. 11 सप्टेंबर 2001 नंतरच्या वर्षांत हजारो सैनिकांची सेवा करार संपल्यावरही त्यांच्या इच्छेविरुद्ध वाढवण्यात आली. पुढे 2009 मध्ये अमेरिकी संसदेने अशा प्रत्येक वाढीव महिन्याला 500 डॉलर भरपाई मंजूर केली. भरपाई द्यावी लागते याचा अर्थ काय होतो, तो वाचकांनीच लावावा.

आता उचल. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्याला’, ठोक रक्कम देतो. ती रक्कम तोडणीतून फेडायची. खाडा पडला तर कापून जाते, हंगामाअखेर फिटली नाही तर पुढच्या सालावर चढते, आणि मधूनच निघून जायचे तर आधी उचल परत करा. फरक आम्ही नाकारत नाही. सैनिकाचा बोनस पगारातून कापला जात नाही, तो पगाराखेरीज असतो, आणि फरक लहान नाही. परंतु सैनिकाने मुदत पुरी केली नाही, तर ‘न कमावलेला’ हिस्सा त्याच्याकडून वसूल करता येतो. न कमावलेला! या एका शब्दाने तो पैसा बक्षिसाच्या खात्यातून निघून कर्जाच्या खात्यात जाऊन बसतो.

मुदत पुरी केलेल्यांचे काय झाले, तेही पाहावे. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धकाळात कॅलिफोर्नियाच्या नॅशनल गार्डमध्ये भरतीची उद्दिष्टे गाठण्यासाठी पुनर्भरतीचे बोनस वाटले गेले. अनेकांना 15 हजार डॉलर किंवा अधिक मिळाले. पुढे लेखापरीक्षणात असे निघाले की कित्येकांना ते नियमाबाहेर दिले गेले होते. चूक भरती करणाऱ्यांची. पण वसुलीची पत्रे गेली ती सुमारे दहा हजार सैनिकांना, ज्यांतले अनेक युद्धावर जाऊन आलेले होते. पैसे घेऊन जवळजवळ दशक उलटल्यावर! ऑक्टोबर 2016 मध्ये वृत्तपत्रांतून हे उघड झाल्यावर संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी वसुली थांबवली. वृत्तपत्रे गप्प राहिली असती तर?

याला एक वजनदार उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1970 च्या सुमारास अमेरिकेत सक्तीची भरती बंद करावी की नाही याचा विचार करणाऱ्या आयोगावर मिल्टन फ्रीडमन होते. पैसे घेऊन लढणारे ते भाडोत्री, या जनरल वेस्टमोरलंड यांच्या आक्षेपावर त्यांनी विचारले की मग सक्तीने आणलेले ते गुलाम म्हणायचे का? 1973 मध्ये सक्ती संपली. हा युक्तिवाद आम्हांला मान्य आहे. सक्तीपेक्षा मोबदला केव्हाही बरा. परंतु त्यातून एवढेच सिद्ध होते की सैनिकाला चांगला पगार द्यावा. त्यातून भरतीच्या दिवशी डोळे दिपवणारी रक्कम पुढे करण्याचे समर्थन निघत नाही. पगार केलेल्या कामाला मिळतो. ही रक्कम सहीला मिळते. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकी सेनादलाने सहा वर्षांच्या भरतीसाठी कमाल बोनस 50 हजार डॉलरवर नेला. त्या आर्थिक वर्षात भरतीचे उद्दिष्ट सुमारे पंधरा हजारांनी हुकले. काम तेच, धोका तोच. गिऱ्हाईक मिळेना म्हणून सहीचा भाव चढला.

पैशासाठी सैन्यात जाणे हीन, असे आम्ही म्हणतो आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. ते म्हणण्याचा अधिकार निदान महाराष्ट्रात तरी कोणाला नाही. कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या पलटणींत महार शिपाई गेले तेव्हा त्यांना पगाराबरोबर पेन्शन मिळाले, छावणीतल्या शाळा मिळाल्या. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरात शिक्षण आले ते याच वाटेने. 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली, तेव्हा स्वतः सैनिक राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी तिच्याविरुद्ध अर्ज केला. तो अर्ज कुठल्याशा ठोक रकमेसाठी नव्हता. दीर्घ सेवेतून एका समाजाला मिळालेली जागा हिरावली जात होती, त्याचे ते दुःख होते. दीर्घ सेवेचे समर्थन करायचे असेल तर ते असे होऊ शकते. तिथे राज्य सैनिकाला म्हणते की तू म्हातारा होईपर्यंत तुझे-माझे नाते आहे.

आणि बोनसच्या भाषेतून नेमके हेच नाते सुटत चालले आहे. अमेरिकेत 2018 पासून लागू झालेल्या निवृत्तिव्यवस्थेत वीस वर्षे सेवा करणाऱ्याचे पेन्शन मूळ वेतनाच्या निम्म्यावरून चाळीस टक्क्यांवर आले. त्याच्या जोडीला सरकारी अंशदान असलेले बचतखाते आले, आणि सेवेच्या मध्यावर आणखी काही वर्षे बांधून घेणाऱ्याला एक रोख रक्कम. वीस वर्षे न टिकणाऱ्या बहुसंख्य सैनिकांना पूर्वी काहीच मिळत नसे, त्यांना आता बचतखाते मिळते, हा फायदा खरा. पण टिकणाऱ्याच्या म्हातारपणातून काढून तारुण्यात हातावर ठेवलेली रोकड, हे तिचे दुसरे रूप आहे. आपल्याकडे 14 जून 2022 रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत तर उलटीच रचना आहे: सेवा चार वर्षांची, पुढे कायम होणार चारांतला एक, बाकीच्यांना पेन्शन नाही, आणि जाताना ‘सेवानिधी’. त्या निधीचा निम्मा भाग अग्निवीराच्याच मासिक मानधनातून कापलेला. नावात सेवा आहे आणि निधीही आहे. अशा शब्दांवर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा.

विद्यार्थिनीला आम्ही उत्तर लिहिले. मुलाला जाऊ नको म्हणू नये. त्याला विमानाची इंजिने दुरुस्त करायला शिकायचे आहे, त्याच्या वयाला ते शोभणारे आहे. त्याने एवढेच करावे: तो कागद पुन्हा काढावा, त्यातून तीस हजारांचा आकडा खोडावा आणि उरलेला मजकूर सलग वाचावा. तरीही सही करावीशी वाटली तर खुशाल करावी. तिने परवा कळवले की मुलाने आकडा खोडला, वाचले, आणि भरती अधिकाऱ्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. अधिकाऱ्याने सांगितले, मुदत मिळेल, पण बोनसची रक्कम तोवर तीच राहील असे नाही.