कूपनाचे तेवीस रुपये



मागच्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका काकूंबरोबर मी मोठ्या दुकानात किराणा आणायला गेले होते. काकू 78 वर्षांच्या, एकट्या राहतात, साधा बटणांचा फोन वापरतात. आम्ही दोघींनी एकाच फळीवरून तूरडाळीची एक किलोची सारखीच पिशवी उचलली. बिल करताना मी मोबाईलवरचे कूपन दाखवले, माझी डाळ 149 रुपयांना पडली. काकूंची 172 ला. बाहेर आल्यावर काकूंनी दोन्ही बिले चष्म्याजवळ धरली आणि विचारले, "तुझी डाळ वेगळी होती का गं?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन डाळ डब्यात ओतताना मात्र ते तेवीस रुपये डोक्यातून जाईनात. मी चतुर म्हणून स्वस्त आणि काकू म्हाताऱ्या म्हणून महाग, हा कुठला न्याय?

म्हणून आज स्पष्टच लिहिते. कूपन ही बचत नाही. दुकानदाराला भाव कमी करायचा असेल तर त्याने तो फळीवरच कमी करावा, सगळ्यांसाठी आणि रोज. काही मैत्रिणी रागावतील हे मला ठाऊक आहे, कारण आपल्या भिशीच्या गटात सकाळी "जय जिनेंद्र"च्या पाठोपाठ ऑफरचेच फोटो येतात.

मी बी.कॉम. केले त्याला चाळीस वर्षे होऊन गेली, पण एक धडा लक्षात आहे. एकाच मालाची वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडून वेगवेगळी किंमत घेणे याला मूल्यभेद म्हणतात. कूपन हे त्याचेच साधन आहे. ज्याच्याजवळ वेळ आहे, स्मार्टफोन आहे, आकडेमोडीची सवय आहे, त्याला एक भाव. जी बाई दिवसभर चार घरची कामे करून संध्याकाळी धावतपळत दुकानात शिरते, तिला दुसरा. म्हणजे सवलतीची ज्याला जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. अमेरिकेतही ही तक्रार झाली. फक्त मोबाईलवर मिळणाऱ्या कूपनांमुळे वृद्ध आणि गरीब मागे पडतात म्हणून सॅन डिएगो शहराने 2025 साली नियमच केला, की दुकानांनी तीच सवलत कागदावरही द्यावी.

शिवाय कूपन फुकट तयार होत नाही. ते छापायचे, वाटायचे, त्याचे ॲप चालवायचे, त्याची जाहिरात करायची, हा सगळा खर्च शेवटी मालाच्या भावातच चढतो. आणि "एमआरपीवर 20 टक्के सूट" वाचून आपण हुरळतो, पण एमआरपी म्हणजे कमाल किंमत, तीही कंपनीनेच ठरवलेली. त्याहून कमी भावात विकायला कायद्याची काहीच आडकाठी नाही. आधी आकडा उंच छापायचा आणि मग त्यातून थोडे उतरवून दाखवायचे, यात आपल्यावर उपकार कसले?

आता माझ्याच घरचा हिशेब सांगते, लपवत नाही. गेल्या पावसाळ्यात "999 च्या खरेदीवर 100 रुपये सूट" असा संदेश आला. माझी यादी 640 रुपयांची होती. शंभर रुपये सुटू नयेत म्हणून मी दोन किलो रवा, शेवयांची दोन पाकिटे आणि बेसनाचा मोठा पुडा वाढवला. शंभर वाचवायला साडेतीनशेहून जास्त रुपये घातले. पंधरा दिवसांत रव्याला जाळी धरली, अळ्या झाल्या. चातुर्मासात आपण ज्या जिवांना जपतो, त्यांचीच पैदास मी डब्यात करून ठेवली होती. तो रवा सावलीत नेऊन ठेवताना मला स्वतःचीच लाज वाटली.

आपल्या दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवसांची सांगितली आहे. आपल्या आज्या लागेल तेवढेच दळायच्या. आणि आपण आषाढात "दोन पाकिटांवर एक मोफत" म्हणून तीन-तीन पाकिटे पीठ आणतो! परिग्रहाचे परिमाण मंदिरात घ्यायचे आणि दुकानात मोडायचे, असे चालले आहे. रोजचा भाव कमी असला की साठा करायची घाई उरत नाही. आज अर्धा किलो घ्या, आठ दिवसांनी पुन्हा अर्धा किलो, भाव तोच. कूपनाला मात्र तारीख असते, आणि ती तारीखच आपल्याला धावायला लावते.

कुणी म्हणेल, "पण बायकांना कूपनच आवडते." खरे आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल या मोठ्या कंपनीने 1996 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो, रोचेस्टर, सिरॅक्यूज या भागात कूपने बंद करून पाहिली. छापलेल्या शंभर कूपनांतली जेमतेम दोन वापरली जात, बाकी कागद वाया, त्यापेक्षा भाव कमी ठेवू, असे कंपनीचे म्हणणे होते. पण गिऱ्हाईक खवळले. बहिष्काराची भाषा झाली, सरकारी चौकशी लागली, आणि 1997 मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला.

त्या बायकांना मी मूर्ख म्हणणार नाही. हातातले कूपन गेलेले दिसत होते, भाव तेवढा उतरला का याची खात्री त्यांना नव्हती. आपलेही तेच होते. बिलाखाली "आपली बचत 100 रुपये" असे ठळक छापलेले असते. मुळातच कमी असलेल्या भावाची बचत कोणी छापत नाही, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला. ती सवलत कुणाला ॲपमध्ये शोधावी लागली नाही, मालावरचा करच सगळ्यांसाठी उतरला. पण तिचे फोटो आपल्या गटात किती जणींनी टाकले?

"दुकानदाराला रोज कमी भाव परवडणार कसा?" हाही प्रश्न येतो. परवडतो. डीमार्ट 2002 साली पवईला सुरू झाले ते याच धोरणावर. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे, त्या बदल्यात माल स्वस्त घ्यायचा, जागा शक्यतो स्वतःची ठेवायची आणि खर्च आवरायचा. मी कुणाची जाहिरात करत नाही, तिथेही नको ते गाडीत टाकणाऱ्या आपणच असतो. एवढेच म्हणते की हा मार्ग व्यवहारात चालतो.

आता घरातले भांडण. माझ्या दिरांचे किराणा दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळी तिथे "एकच भाव" अशी पाटी होती. लहान मूल सामान घ्यायला आले तरी भाव तोच. गेल्या दिवाळीत दिरांनी कूपनाची पुस्तके छापली. मी विचारले तर म्हणाले, "वहिनी, सगळेच करतात." मी म्हटले, "भावजी, छपाईचे पैसे डाळीच्या भावात वजा करा आणि पाटी पुन्हा लावा." अजून लावलेली नाही, पण मी विषय सोडलेला नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी दुकान आहे. तिथे आपला शब्द चालतो, तो वापरा.

आणि दुकान नसले तरी इतके कराच. यादी घरी लिहा आणि तीच आणा. पाकिटावर दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडते ते आता छापलेले असते, सुटीचा आकडा सोडून तो वाचा. दुकानदाराला तोंडावर विचारा, "हा भाव सगळ्यांना का नाही?"

काकूंना मी ते तेवीस रुपये द्यायला गेले होते. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "तू कशाला देतेस? ज्याने जास्त घेतले त्याला विचार." पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी त्या दुकानाच्या मॅनेजरला भेटायला जाणार आहोत. कोणाला यायचे असेल तर कळवा.